कॉलेज शोधायला कधी लागायचं? इंदूरच्या मराठी घरांसाठी नववी ते बारावीचा आराखडा

‘आधी बारावी होऊ दे, मग कॉलेजचं बघू’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून गेलेलं नाही. आई-वडिलांच्या पिढीत ते चालून जायचं. निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन खिडकीपाशी रांग लावायची, यादीत नाव शोधायचं, संपलं. आता बारावीचा पहिला पेपर फेब्रुवारीत असतो, तर कायद्याची क्लॅट त्याआधी डिसेंबरात होऊन जाते आणि इंजिनिअरिंगच्या जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत. बोर्डाची परीक्षा संपवून निवांत शोधायला बसलेल्या मुलासमोरून काही गाड्या तोवर निघून गेलेल्या असतात.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. नववी-दहावीत कॉलेज निवडायचं नाही, पण कुठलीही वाट नकळत बंद होणार नाही एवढं पाहायचं. खरा शोध अकरावीत घ्यायचा. अकरावीनंतरच्या उन्हाळी सुट्टीत यादी पक्की करायची. बारावीत फक्त अभ्यास, फॉर्म आणि परीक्षा. बारावीच्या वर्षात ‘मला नक्की काय करायचंय’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तर त्याचं उत्तर शांतपणे शोधायला वेळच उरत नाही, आणि मग शेजारच्या काकूंच्या मुलाने जे घेतलं तेच आपलंही ठरतं.

नववी आणि दहावी: वाटा मोकळ्या ठेवा

चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू कोण होणार’ असं रोज विचारू नका. या वयात त्याच्याकडून निर्णयाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. या दोन वर्षांत मोठ्यांनी करायची कामं मात्र आहेत.

पहिलं काम गणिताचं. सीबीएसईत दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे गणिताचे दोन स्तर आहेत. बेसिकचा पेपर सोपा म्हणून मुलं तिकडे वळतात. पण अकरावीत गणित घ्यायची थोडीशीही शक्यता असेल तर स्टँडर्डच ठेवा. दहावीत चार-सहा गुण जास्त मिळवण्यासाठी पुढचे अनेक अभ्यासक्रम पणाला लावण्यात शहाणपण नाही.

दुसरं काम नावाचं. आपल्या मराठी घरांत हा गोंधळ हमखास होतो. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन शब्दांत लिहितो. मध्य प्रदेशातल्या शाळांत बहुधा नाव आणि आडनाव एवढंच चालतं. त्यामुळे आधारवर तीन शब्द, शाळेच्या नोंदीत दोन, आणि जातीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, असं होऊन बसतं. पुढच्या प्रत्येक परीक्षेचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि जन्मतारीख धरून भरला जातो. नववीत बोर्डाची नोंदणी होते तेव्हाच शाळेच्या कार्यालयात जाऊन नोंद डोळ्यांनी पाहून या, आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. दहावीची गुणपत्रिका छापून आल्यावर दुरुस्ती करणं फार किचकट होतं.

तिसरं काम दाखल्यांचं. मध्य प्रदेशच्या जागांसाठी मूळ निवासी प्रमाणपत्र लागतं, ते लोकसेवा केंद्रातून मिळतं. जातीचा दाखला लागणाऱ्यांनी तर नववीतच सुरुवात करावी. कुटुंब दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं असेल तर इथल्या वास्तव्याचे जुने पुरावे मागतात. आजोबांच्या नोकरीची कागदपत्रं, जुनी मतदार यादी, घराची रजिस्ट्री हे सगळं शोधायला महिने जातात. शिवाय जातींच्या याद्या राज्यवार असतात. महाराष्ट्रातल्या चुलतभावाला जो दाखला मिळाला तो आपल्यालाही मिळेलच असं गृहीत धरू नका.

मुलांसाठी या काळात एकच गोष्ट सांगेन: शिक्षणसंस्था आतून पाहून या. इंदूरसारख्या शहरात हे सहज जमतं. भंवरकुआंजवळचं होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ सालचं आहे. खंडवा रोडवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे. पार्क रोडवरची जीएसआयटीएस १९५२ पासून इंजिनिअर घडवते आहे. एमजीएम मेडिकल कॉलेजही शहरातच. सिमरोलला आयआयटी आणि राऊजवळ आयआयएम. मैत्रिणीचा दादा, आत्याची नणंद, कोणी ना कोणी तिथे शिकत किंवा शिकवत असतंच. त्यांच्याबरोबर अर्धा दिवस जा, ग्रंथालयात डोकावा, कँटीनमध्ये बसा, प्रयोगशाळा बाहेरून का होईना पाहा. ‘कॉलेज’ या शब्दामागे एक खरी जागा आहे हे मुलाला दिसलं की पुढची बोलणी सोपी होतात.

अकरावीचे विषय: इथेच निम्मी निवड होऊन जाते

दहावीच्या निकालानंतर विषय निवडायला आठ-पंधरा दिवस मिळतात आणि एवढ्या थोड्या काळात सर्वांत मोठा निर्णय होतो. म्हणून दहावीच्या दिवाळीपासून घरात यावर बोलणं सुरू व्हायला हवं.

भौतिक, रसायन आणि गणित घेतलं तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, मर्चंट नेव्ही, एनडीएतून नौदल-वायुदल या वाटा मोकळ्या राहतात. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलं की त्यातल्या बहुतेक बंद होतात, पण वैद्यकीयची मोकळी होते. दोन्ही घेणारी मुलंही असतात. ओझं जड आहे, तरी ज्याला दोन्ही विषय मनापासून आवडतात त्याला अडवू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्याची मुभा दिली, त्यामुळे गणितवाल्यांची वैद्यकीयची वाट आता पूर्वीइतकी बंद नाही.

कॉमर्सवाल्यांना माझा आग्रह आहे की गणित सोडू नका. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम २०११ पासून आपल्याच गावात चालतो आणि त्यात थेट बारावीनंतर प्रवेश मिळतो. त्याची प्रवेश परीक्षा, आयपीमॅट, गणितावर चांगलाच भर देणारी असते. राऊहून आठ-दहा किलोमीटरवर राहणाऱ्या मुलांना हा अभ्यासक्रम बारावीच्या शेवटी कळतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आर्ट्सबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘गुण कमी पडले म्हणून आर्ट्स’ हा समज घरातून काढून टाका. कायदा, डिझाइन, पत्रकारिता, मानसशास्त्र, हॉटेल मॅनेजमेंट, भाषा, प्रशासकीय सेवा यांचा पाया तिथे घालता येतो. आणि चित्रकलेचं म्हणाल तर देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली सुरू केलेल्या इंदूरच्या चित्रशाळेत बेंद्रे आणि हुसेन हे चित्रकार शिकले. ज्या गावाला हा वारसा आहे तिथे चित्रं काढणाऱ्या मुलीला ‘छंद म्हणून ठेव’ असं सांगताना निदान एकदा थांबावं.

कोटा की इंदूर, आणि त्यात लपलेला एक नियम

अकरावी-बारावीसाठी मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवायचं की भंवरकुआं, गीता भवन परिसरातल्या क्लासला घालायचं, ही चर्चा दहावीतच सुरू होते. शिकवणी कशी आहे, फी किती, घरापासून दूर राहणं मुलाला झेपेल का, हे सगळे विचारतात. एक प्रश्न मात्र फार कमी लोक विचारतात: बारावीची परीक्षा मूल कोणत्या राज्यातून देणार?

एनआयटी या राष्ट्रीय इंजिनिअरिंग संस्थांमधल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी आणि निम्म्या बाहेरच्यांसाठी असतात. यासाठी ‘आपलं राज्य’ ठरतं ते बारावी जिथून उत्तीर्ण केली त्यावरून. आई-वडील कुठे राहतात याचा तिथे संबंध नाही. मुलाने बारावी राजस्थानातल्या शाळेतून केली तर त्याचं राज्य राजस्थान होतं. मग जयपूरच्या एनआयटीत तो घरचा आणि भोपाळच्या एनआयटीत, म्हणजे मॅनिटमध्ये, बाहेरचा. हे बरं की वाईट ते प्रत्येकाच्या गणितावर आहे, पण शाळेत नाव घालण्याआधी माहीत असलं पाहिजे.

याला जोडून ‘डमी’ शाळांचं. नाव एका शाळेत, हजेरी फक्त क्लासला, असा प्रकार सर्रास चालतो. सीबीएसईच्या नियमाप्रमाणे बोर्डाला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. नियम कडक झाला की भरडलं जातं ते मूल. शिवाय दोन वर्षं प्रयोगशाळा नाही, मैदान नाही, वर्गातले मित्र नाहीत, हा तोटा कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नसला तरी मोठा असतो. मी तरी या वाटेने जाऊ नका असंच सांगेन.

सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या ५ टक्के जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी राखीव आहेत. चांगल्या हेतूने अकरावीत खासगी शाळेत नाव घातलं तर तो हक्क जाऊ शकतो. शाळा बदलण्याआधी त्याच्या अटी वाचा.

अकरावी: खरा शोध

अकरावीचे पहिले दोन-तीन महिने नवीन अभ्यासाशी जुळवून घेण्यातच जातात, ते जाऊ द्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास एक वही करा. साधी, दोनशे पानी. मोबाइलमध्ये ठेवलेल्या लिंक आणि स्क्रीनशॉट वेळेवर सापडत नाहीत, वही सापडते. एका कॉलेजला एक पान. त्यावर लिहायचं: अभ्यासक्रम, प्रवेश कोणत्या परीक्षेतून, बारावीत कोणते विषय आणि किती टक्के लागतात, एकूण फी किती वर्षांची किती, वसतिगृह मिळतं का, मागच्या वर्षी शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली.

वही मुलाने लिहायची. पालकांनी फोन करायचे, माहिती काढायला मदत करायची, पण लेखणी मुलाच्या हातात. ज्याने स्वतः तीस पानं भरली त्याला पुढे निवड करताना कारणं देता येतात.

माहिती कुठून आणायची, यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉलेजची आणि प्रवेश प्राधिकरणाची अधिकृत वेबसाइट. मग तिथे शिकणारी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं. जाहिराती आणि घरी येणारे एजंटांचे फोन सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फलकावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक करा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजांना जी आकडेवारी द्यावी लागते, ती सहभागी संस्था आपल्या वेबसाइटवर ठेवतात. किती मुलं शेवटच्या वर्षाला होती, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यम पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे त्यात असतं. मध्यम पगार म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त मिळाला अशी रक्कम. जाहिरातीतला ‘सर्वाधिक पॅकेज’चा आकडा एका मुलाचा असतो, हा आकडा वर्गाचा असतो. वहीत हाच लिहा.

खासगी विद्यापीठाचं नाव नवीन असेल तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे का ते पाहा. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी प्रसिद्ध करते. विषयानुसार वेगळी मान्यता लागते, ती तपासा: कायद्याला बार कौन्सिलची, आर्किटेक्चरला त्यांच्या परिषदेची, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची.

शिकणाऱ्या मुलांना काय विचारायचं? ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारलं की ‘चांगलं आहे’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. गेल्या आठवड्यात किती तास झाले? प्रयोगशाळेतली यंत्रं स्वतः हाताळायला मिळतात का? फीशिवाय वर्षाला आणखी किती खर्च येतो? मुलींच्या वसतिगृहाची वेळ काय? आजारी पडलं तर कोण बघतं? तुझ्या धाकट्या बहिणीला इथे घालशील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, त्याकडेही लक्ष द्या.

यादी कशी लावायची

अकरावीची परीक्षा संपून बारावी सुरू होईपर्यंतचा काळ यादीसाठी सर्वांत चांगला. तीस पानांतून दहा-बारा नावं काढायची आणि ती तीन गटांत लावायची: खूप चांगला क्रमांक आला तर मिळतील अशी, आत्ताच्या तयारीवर मिळण्याजोगी, आणि नक्की मिळतील अशी. तिसऱ्या गटाकडे घरात कोणी लक्ष देत नाही आणि जूनमध्ये सगळे त्याच गटात शोधाशोध करत असतात. तिथेही मुलाला खरोखर जायला आवडेल असं काहीतरी असलं पाहिजे.

गणितवाल्या मुलाचं उदाहरण घेऊ. वरच्या गटात आयआयटी. मधल्या गटात भोपाळचं मॅनिट, ग्वाल्हेरची आयआयआयटीएम, जबलपूरची आयआयआयटी. त्याखाली जेईई मेनच्या क्रमांकावर राज्याच्या काउन्सेलिंगमधून, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांतून, मिळणारी जीएसआयटीएस आणि विश्वविद्यालयाची आयईटी. राज्याच्या फेऱ्यांत उरलेल्या जागा बारावीच्या गुणांवरही दिल्या जातात. आणि याच मुलाला भौतिकशास्त्र यंत्रांपेक्षा जास्त आवडत असेल तर भोपाळ आणि पुण्याची आयसर या विज्ञान संस्था, ज्यांची स्वतःची परीक्षा असते, किंवा घरून सायकलवर जाता येईल असं होळकर विज्ञान महाविद्यालय. बी.एस्सी. म्हणजे माघार, असं त्याला वाटू देऊ नका.

कायद्याकडे कल असेल तर भोपाळचं राष्ट्रीय विधी संस्थान. डिझाइनसाठी भोपाळलाच एनआयडी आणि निफ्ट. क्रीडाशिक्षणासाठी ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्थान, १९५७ सालचं. विश्वविद्यालयातल्या अनेक अभ्यासक्रमांना, तिथल्याच आयआयपीएस या संस्थेच्या पाच वर्षांच्या एमबीए आणि एमसीएसह, आता सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हे इंदूरच्याच मुलांना उशिरा कळतं, कारण गावातल्या विद्यापीठासाठी राष्ट्रीय परीक्षा लागत असेल असं कोणाच्या मनात येत नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल आहे, त्याच्या फेऱ्या निकालाच्या सुमारास सुरू होतात.

पुण्याची ओढ

आपल्या घरांत ‘पुण्याला मावशी आहे, तिकडेच पाठवू’ हे ठरलेलं. ओढ खरी आहे आणि पुण्यात शिकायला मिळणं चांगलंच. पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात मातृभाषेला किंवा आडनावाला काही वजन नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात आणि त्यासाठी महाराष्ट्रात दहावी-बारावी आणि तिथलं अधिवास प्रमाणपत्र लागतं. इंदूरहून बारावी केलेल्या मुलीला तिथे १५ टक्के अखिल भारतीय जागांतूनच जाता येतं. उलट मध्य प्रदेशात तीच मुलगी ८५ टक्क्यांच्या बाजूला असते. इंजिनिअरिंगचे महाराष्ट्राचे नियम थोडे वेगळे आहेत. उमेदवारांचे प्रकार पाडलेले असतात आणि पालकांच्या अधिवासाचाही काही प्रकारांत विचार होतो. वडील किंवा आई मूळ महाराष्ट्रातल्या असतील तर माहितीपुस्तिकेतला तो भाग नीट वाचा.

राज्याची अट नसलेल्या जागा पुण्यात आहेतच. खडकवासल्याची एनडीए, नीटमधून जाता येणारं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी, आयसर, खासगी अभिमत विद्यापीठं. पुणंच हवं असेल तर शोध यांच्यापासून सुरू करा. एनडीएत मुलींनाही २०२२ पासून प्रवेश मिळतो आहे, हे घरातल्या मुलींना आवर्जून सांगा.

बारावी: तारखांचं वर्ष

तारखा दर वर्षी थोड्या पुढे-मागे होतात, म्हणून अधिसूचना आली की नेमकी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहायची. क्रम साधारण असा राहतो.

क्लॅटचे फॉर्म जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद होतात, परीक्षा डिसेंबरात. कायदा करायचा विचार असेल तर बारावीच्या सुरुवातीलाच तयारीला लागलेलं असावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेईई मेनच्या पहिल्या सत्राचे आणि आयआयटींच्या डिझाइन परीक्षेचे, म्हणजे यूसीडचे फॉर्म. एनआयडीची पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत, यूसीड जानेवारीत, निफ्ट फेब्रुवारीत. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, तीही नेमक्या तारखांमध्ये बांधलेली.

जानेवारीत जेईई मेन, एप्रिलमध्ये त्याचं दुसरं सत्र. दोन्ही दिलीत तर चांगला निकाल धरला जातो. फेब्रुवारी-मार्च हा सर्वांत फसवा काळ. मूल बोर्डाच्या पेपरात गुंतलेलं असतं आणि नेमके त्याच दिवसांत नीट, सीयूईटी, आयसर, आयपीमॅट या परीक्षांचे फॉर्म निघतात आणि संपतात. हे दोन महिने फॉर्मवर लक्ष ठेवायची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्यावी. मुलाकडून फक्त माहिती तपासून घ्यायची आणि सही घ्यायची. सीयूईटीत कोणत्या विद्यापीठाला कोणते विषय लागतात ते अकरावीच्या वहीतच लिहिलेलं असेल, तर विषय निवडताना घाई होत नाही.

मे महिन्यात नीट, जेईई ॲडव्हान्स्ड, आयपीमॅट, सीयूईटी एकामागून एक येतात. एका मुलाने सगळ्या देऊ नयेत. दोन मुख्य आणि एक आधाराची, एवढ्या पुरतात. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच, दोनदा देता येते. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणंही लागतं, त्यामुळे क्लासच्या नादात बोर्ड सोडून चालत नाही.

ओबीसी नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकाचे) दाखले त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे मागतात. एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात अर्ज टाका, कारण जूनमध्ये सगळ्या शहराला तो एकाच वेळी हवा असतो.

पैशाचं बोलणं मुलासमोर

हे बोलणं अकरावीतच व्हायला हवं, आणि मुलाला बाहेर काढून नव्हे. ‘आपण चार वर्षांत मिळून इतके खर्च करू शकतो, त्यापुढे कर्ज लागेल’ असा आकडा स्पष्ट सांगा. मुलं समजूतदार असतात, त्यांना अंधारात ठेवलं की ती दुखावतात. फी पाहताना पहिल्या वर्षाची पाहू नका. सगळ्या वर्षांची, वसतिगृह, मेस आणि घरी येण्या-जाण्याच्या खर्चासह बेरीज करा.

मध्य प्रदेशात मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. राज्याच्या बोर्डात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के मिळवलेल्या मूळ निवासी मुलांची, कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मर्यादेत, फी सरकार भरतं. इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनच्या क्रमांकाचीही अट आहे. ८३ टक्क्यांवर थांबणाऱ्या मुलाला हा आकडा आधी माहीत असेल तर तो वेगळ्या जोमाने अभ्यास करेल. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली तारण न ठेवता मिळू शकतं. बँकेत जूनमध्ये जाण्याऐवजी मार्चमध्ये एकदा भेटून कागदांची यादी आणून ठेवा.

काउन्सेलिंग: पसंतीक्रम भरताना

परीक्षा चांगली देऊनही इथे जागा हुकतात, म्हणून थोडं सविस्तर.

पसंतीक्रम खऱ्या आवडीच्या क्रमाने भरायचा. ‘हे मिळणारच नाही, मग वर कशाला टाकायचं’ असा विचार करून अनेक जण मिळेल असं वाटणारं कॉलेज पहिलं लिहितात. आयआयटी-एनआयटींच्या जागा वाटणाऱ्या जोसाची व्यवस्था तुमच्या यादीत वरून खाली येत जाते आणि तुमच्या क्रमांकाला मिळू शकणारी सर्वांत वरची जागा देते. वर न मिळणारी दहा नावं लिहिल्याने खालचं काही जात नाही. खालचं वर लिहिलंत तर मात्र वरचं कायमचं गेलं. यादी लांब भरा. आधीच्या वर्षांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक जोसाच्या वेबसाइटवर असतात. आपला प्रवर्ग, मुलगी असेल तर मुलींच्या जागा, आणि एनआयटीला घरच्या राज्याचा रकाना, हे पाहून तुलना करा.

जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. स्लाइड म्हणजे हीच संस्था, पण वरची शाखा मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीत वर असलेलं कुठलंही मिळालं तर हवं. फ्लोट केल्याने हातातली जागा जात नाही, फक्त वरची मिळाली की आधीची सुटते. ज्या मुलांना सिमरोलची आयआयटी सोडून दुसरीकडे जायचंच नाही त्यांनी फ्लोट करताना विचार करावा. प्रत्येक फेरीत मुदतीच्या आत फी भरणं आणि कागदांबद्दल विचारलेल्या शंकेला उत्तर देणं विसरू नका, त्या एका कारणाने जागा रद्द होते. या दिवसांत गावाला लग्नाला जायचं असेल तर नोंदवलेला मोबाइल आणि मूळ कागदांच्या स्कॅन प्रती बरोबर असू द्या.

शाखा मोठी की संस्था? माझं मत असं की मुलाला विषय नक्की माहीत असेल तर विषय धरावा, नसेल तर संस्था. चांगल्या संस्थेतली सोबत आणि ग्रंथालय चार वर्षांत माणसाला त्याचा विषय शोधून देतात. नावडत्या विषयातली प्रतिष्ठित जागा मात्र खूप महाग पडते.

वर्ष सोडून पुन्हा परीक्षा द्यायची का, हा निर्णय निकालाच्या रात्री घेऊ नका. आठ दिवस जाऊ द्या. मूल स्वतःहून म्हणत असेल, कुठे कमी पडलं ते त्याला सांगता येत असेल, आणि त्या वर्षात बोलायला घरात कोणीतरी असेल, तरच. या आठवड्यांत मुलाची झोप, जेवण, मित्रांशी बोलणं यांकडे लक्ष असू द्या. ते गप्प झालं तर कॉलेजचा विषय बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा.

प्रवेश झाल्यावर

नीटची काउन्सेलिंग जुलै-ऑगस्टनंतरही लांबते आणि तोवर अनेक जण इंदूरमध्येच एखादी जागा धरून ठेवतात. धरा, पण फी भरण्याआधी परताव्याचा नियम लेखी घ्या. यूजीसीने प्रवेश रद्द केल्यावर फी परत करण्याचे टप्पे आणि मुदती ठरवल्या आहेत, आणि मुलांची मूळ कागदपत्रं संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवायची नाहीत असंही सांगितलं आहे. कार्यालयात मूळ गुणपत्रिका मागितल्या तर पडताळणी करून तिथेच परत घ्या आणि साक्षांकित प्रती द्या. प्रत्येक भरण्याची पावती, रद्द करण्याच्या अर्जाची पोच आणि त्यावरची तारीख त्याच दोनशे पानी वहीत चिकटवून ठेवा, आणि टीसी, मायग्रेशन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांच्या पाच-पाच प्रती एकाच वेळी काढून घ्या.